विश्लेषण : मोबाइल नंबर पोर्ट होतो, मग क्लाऊडवरचे सॉफ्टवेअर का नाही?

हरिहरेश्वरहून काही किलोमीटरवर बागमांडला आहे. तिथल्या जेटीवर मोटार फेरीबोटीत चढते, सावित्रीची खाडी ओलांडते आणि पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील वेसवीला उतरते. गाडीचे इंजिन उघडावे लागत नाही, की सामान उतरवून पुन्हा भरावे लागत नाही. दोन्ही काठांवरच्या जेटी एकाच पद्धतीने बांधल्या आहेत आणि बोटीचा रॅम्प दोन्हीकडे नीट टेकतो, म्हणून हे जमते. फेरी बंद असेल तर आंबेत-म्हाप्रळमार्गे लांबचा वळसा घ्यावा लागतो.

क्लाऊडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची आजची अवस्था फेरी बंद असलेल्या दिवसासारखी आहे. एका कंपनीच्या क्लाऊडवर चढणे अगदी सोपे, पण तिथून उतरून दुसऱ्या कंपनीकडे जायचे तर वेळ, पैसा आणि मनस्ताप यांचा मोठा वळसा. हा वळसा कुणामुळे पडतो, तो कमी करता येतो का आणि त्यासाठी कुणी काय करायला हवे?

क्लाऊडचा हरिहरेश्वरशी संबंध काय?

क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, दूरच्या इमारतीत ठेवलेले आणि भाड्याने वापरलेले संगणक. आपला हिशेब, फोटो, ई-मेल तिथे राहतात आणि इंटरनेटवरून आपल्याला दिसतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे आणि मुंबईत, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली क्लाऊड केंद्रे सुरू केली. महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊडचे धोरण जाहीर केले. सरकारी विभागांनीही आपली माहिती क्लाऊडवर न्यावी, हा त्याचा रोख होता.

आता हरिहरेश्वरातल्या एखाद्या घरगुती निवासाचे उदाहरण घेऊ. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून पर्यटक येतात. खोल्यांचे बुकिंग, आगाऊ रक्कम, जीएसटीचे बिल आणि पाहुण्यांचे फोन नंबर हे सारे महिना भाड्याच्या एका ॲपमध्ये असते. ॲप बनवणारी कंपनी कुठल्या तरी शहरात असते आणि ती स्वतः एखाद्या मोठ्या कंपनीच्या क्लाऊडवर भाडेकरू असते. म्हणजे हरिहरेश्वरचा निवासमालक भाडेकरूचा भाडेकरू ठरतो.

याचा फायदा खरा आहे, हेही मान्य करायला हवे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्याला झोडपले. घरांची छपरे उडाली, सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या आणि वीज व मोबाइल नेटवर्क अनेक दिवस गेले. अशा वेळी भिजलेली वही वाया जाते. दूर ठेवलेली नोंद मात्र शाबूत राहते. त्यामुळे क्लाऊड वापरावा की नाही, हा प्रश्न मागे पडला आहे. तो वापरल्यावर सोडता येतो का, हा आजचा प्रश्न आहे.

ग्राहक अडकतो म्हणजे नेमके काय होते?

अडकण्याचे चार प्रकार आहेत. पहिला माहितीचा. वर्षानुवर्षांच्या नोंदी एका कंपनीच्या खास साच्यात साठतात. त्या बाहेर काढता आल्या तरी दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्या वाचता येत नाहीत.

दुसरा प्रकार सॉफ्टवेअरच्या बांधणीचा. प्रत्येक मोठी क्लाऊड कंपनी स्वतःची तयार साधने देते. ॲमेझॉनचा ‘डायनामोडीबी’ हा डेटाबेस त्यातलाच. ही साधने वेगवान आणि सोयीची असतात, म्हणून अभियंते ती वापरतात. पण त्यांना नेमकी जोड दुसरीकडे मिळत नाही, आणि निघायची वेळ आली की सॉफ्टवेअरचा मोठा भाग नव्याने लिहावा लागतो.

तिसरा प्रकार पैशाचा. क्लाऊडमध्ये माहिती भरायला बहुधा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला मात्र प्रत्येक गिगाबाइटमागे काही रुपये आकारले जातात. फोटो आणि कागदपत्रे टेराबाइटमध्ये मोजली जाऊ लागली की ही रक्कम हजारो आणि मोठ्या संस्थेसाठी लाखो रुपयांवर जाते.

चौथा प्रकार माणसांचा. कर्मचारी एकाच कंपनीची पद्धत शिकतात, तिचीच प्रमाणपत्रे मिळवतात. नवी पद्धत शिकण्याचा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही, पण तो असतो.

नायरा प्रकरणाने काय दाखवले?

हे सारे तांत्रिक किरकिर वाटू शकते. जुलै २०२५ मध्ये ते तसे राहिले नाही. मुंबईत मुख्यालय असलेली नायरा एनर्जी ही कंपनी गुजरातमधील वाडिनारचा वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवते आणि देशभर हजारो पेट्रोल पंपांना इंधन पुरवते. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा आहे. युरोपीय महासंघाने १८ जुलै रोजी रशियावरील निर्बंधांच्या नव्या यादीत नायराचे नाव घातले.

त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराची सेवा थांबवली. कर्मचाऱ्यांचे ई-मेल आणि टीम्स बंद झाले. परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले असतानाही पूर्वसूचना न देता आपल्याच माहितीपासून आपल्याला तोडले गेले, असे म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जुलै संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळात कंपनीने मुंबईच्याच रेडिफच्या ई-मेल सेवेचा आधार घेतल्याचे वृत्त होते.

या घटनेत तीन बाबी लक्षात घेण्यासारख्या आहेत. नायराने भारतातला कोणताही कायदा मोडलेला नव्हता आणि भारत एकतर्फी निर्बंध मानत नाही. बिलही थकलेले नव्हते. तरीही कळ दुसऱ्याच्या हातात होती. कंपनी मोठी असल्याने तिच्याकडे वकील होते आणि न्यायालयाचा दरवाजा ठोठावण्याची ऐपत होती. हाच प्रसंग शंभर खातेदारांच्या पतसंस्थेवर किंवा चार खोल्यांच्या निवासावर आला, तर तेवढा अवधी आणि तेवढा पैसा कुणाकडे असेल?

स्वदेशी सेवा घेतली की प्रश्न सुटतो का?

नायरा प्रकरणानंतर स्वदेशीचा आग्रह वाढला. केंद्र सरकारने आपल्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर नेल्याचे २०२५ मध्ये समोर आले. हा निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने योग्य मानता येईल. पण त्यातला खरा धडा वेगळाच आहे. इतके मोठे स्थलांतर होऊनही कर्मचाऱ्यांच्या ई-मेलचे पत्ते सरकारी नावाचेच राहिले, कारण पत्त्याचे नाव सरकारच्या मालकीचे होते. सेवा देणारा बदलला, ओळख बदलली नाही.

मोकळीक म्हणतात ती ही. कंपनी देशी असली म्हणून निघण्याची वाट आपोआप मोकळी होत नाही. देशी कंपनीही दर वाढवू शकते, विकली जाऊ शकते, बंद पडू शकते. माहिती मुंबईच्या केंद्रात आहे म्हणजे ती आपल्या हातात आहे, हाही गैरसमजच. मालक कोण आणि संगणक कुठे, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण ‘उद्या निघायचे ठरवले तर किती दिवसांत निघता येईल?’ हा त्यांच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

सॉफ्टवेअर हलवता येईल असे कसे बनवतात?

बागमांडल्याच्या जेटीकडे पुन्हा पाहिले तर उत्तर सापडते. गाडी पार होते, कारण दोन्ही काठांचे माप जुळते. सॉफ्टवेअरमध्येही अशी मापे तयार झाली आहेत. २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’ने सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारे सारे सामान एकाच पेटीत बंद करण्याची सोपी पद्धत रूढ केली. या पेटीला कंटेनर म्हणतात. बंदरातला कंटेनर जसा कोणत्याही जहाजावर चढतो, तसा हा कोणत्याही क्लाऊडवर चालू शकतो.

अशा शेकडो पेट्या कुठे ठेवायच्या, एखादी बंद पडली तर दुसरी कशी सुरू करायची, हे पाहणारे ‘कुबरनेटिस’ गूगलने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. आज जवळपास प्रत्येक मोठी क्लाऊड कंपनी ते चालवून देते. डेटाबेससाठी ‘पोस्टग्रेस’सारखे खुले पर्याय आहेत. त्यांच्यावर एका कंपनीची मालकी नाही आणि ते भाड्याच्या क्लाऊडपासून स्वतःच्या कार्यालयातल्या संगणकापर्यंत कुठेही चालतात.

पण इथेही सावध राहावे लागते. क्लाऊडवर कोणते संगणक कसे उभे करायचे, याची कृती लिहून ठेवण्यासाठी ‘टेराफॉर्म’ हे साधन जगभर वापरले जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये ते बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने त्याचा खुला परवाना बदलून निर्बंध घातले. त्यावर नाराज झालेल्यांनी जुन्या खुल्या प्रतीवरून ‘ओपनटोफू’ हा पर्याय उभा केला. सुटकेसाठी घेतलेले साधनच नवे कुलूप बनू शकते, हे त्यातून दिसले. मूळ परवाना खुला होता म्हणून दुसरी वाट काढता आली, हेही दिसले.

मग सगळ्यांनीच दोन-दोन क्लाऊड वापरावेत का?

नाही. पूर्ण मोकळीक महाग असते. प्रत्येक क्लाऊडवर चालेल असेच सॉफ्टवेअर लिहायचे ठरवले, तर प्रत्येकाच्या खास सोयी सोडून द्याव्या लागतात. दोन ठिकाणी एकच सेवा चालवायची तर खर्च, कर्मचारी आणि चुका या तिन्ही वाढतात. नव्या कंपनीने पहिल्या वर्षी यात पैसा घालणे म्हणजे बाजाराला जाण्यासाठी दोन होड्या बांधण्यासारखे आहे. अनेक अनुभवी अभियंते एकच क्लाऊड नीट वापरण्याचा सल्ला देतात. त्या सल्ल्यात तथ्य आहे.

मात्र सॉफ्टवेअर हलवता येणे आणि माहिती हलवता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सॉफ्टवेअर पुन्हा लिहिता येते, विकत घेता येते. दहा वर्षांच्या नोंदी पुन्हा घडवता येत नाहीत. ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीने हे मे २०२४ मध्ये अनुभवले. गूगल क्लाऊडच्या बाजूने झालेल्या एका चुकीमुळे सहा लाखांहून अधिक सदस्य असलेल्या या निधीचा गूगलवरचा खासगी क्लाऊडच पुसला गेला. सदस्यांना आठवडाभराहून अधिक काळ आपले खाते पाहता आले नाही. पण माहितीची एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेली होती आणि ती उपयोगी पडली.

युनिसुपरची माहिती दोन कंपन्यांकडे होती. बहुतेक संस्थांना परवडणारी आणि पुरेशी मर्यादा हीच आहे. सॉफ्टवेअर कुठेही चालावे ही चैन म्हणता येईल. माहिती केव्हाही बाहेर काढता यावी ही गरज आहे.

युरोपने काय केले?

हा प्रश्न बाजार आपण होऊन सोडवेल, असे अनेक वर्षे सांगितले गेले. प्रत्यक्षात हालचाल झाली ती कायद्याची चाहूल लागल्यावर. युरोपीय महासंघाचा ‘डेटा ॲक्ट’ जानेवारी २०२४ मध्ये अस्तित्वात आला आणि १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. क्लाऊड ग्राहकाला दुसरीकडे जायचे असेल तर सूचनेची मुदत दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येणार नाही, स्थलांतराला कंपनीने मदत केली पाहिजे आणि १२ जानेवारी २०२७ पासून स्थलांतराचे शुल्क पूर्ण बंद झाले पाहिजे, असे तो सांगतो.

कायदा येत असतानाच, २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती बाहेर काढण्याचे शुल्क माफ केले. या सवलतीला अटी आहेत आणि रोजच्या वापरातले शुल्क कायम आहे. तरीही जे शुल्क तांत्रिक खर्चाचे म्हणून वसूल होत होते, ते एका तिमाहीत माफ होऊ शकले. ते नेमके कशाचे शुल्क होते, हे त्यावरून समजावे.

भारतात कायदा काय सांगतो?

एक गोष्ट भारताने वेळेवर केली होती. मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. त्याआधी नंबर कंपनीचा असे, नंतर तो व्यवहारात ग्राहकाचा झाला. सुरुवातीला १९ रुपयांपर्यंतच्या शुल्कात कंपनी बदलता येऊ लागली. सगळ्यांनी कंपनी बदलली नाही. पण बदलता येते, हे कंपन्यांना ठाऊक असल्याचा फायदा न बदललेल्यांनाही झाला.

माहितीच्या बाबतीत मात्र पाऊल मागे पडले. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात व्यक्तीला आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात तो नाही. तो हक्कही व्यक्तीपुरता होता. दुकान, सहकारी संस्था, ग्रामपंचायत यांनी क्लाऊडवर ठेवलेल्या माहितीसाठी युरोपसारखा सर्वसाधारण नियम भारतात नाही.

वित्त क्षेत्र याला अपवाद आहे. ‘सेबी’ने मार्च २०२३ मध्ये आपल्या अखत्यारीतील संस्थांसाठी क्लाऊडची चौकट घालून दिली. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाची कामे बाहेर देण्याबाबत निर्देश काढले, ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. सेवादार बदलण्याची वेळ आली तर काय करायचे, याची योजना आधीच तयार हवी, असे त्यात आहे.

पण त्यातून छोट्या नागरी सहकारी बँकांचे पहिले दोन स्तर वगळले आहेत, आणि पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाहीत. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या तंत्रज्ञान कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. एनपीसीआयने खबरदारी म्हणून ती कंपनी देयक व्यवस्थेपासून तात्पुरती तोडली आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार अडले. पुढच्याच दिवशी सेवा सुरू झाली. मोठ्या बँकांना फारशी झळ बसली नाही. झळ बसली ती सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या खातेदारांना. ज्यांना पर्याय कमी, त्यांनाच नियमाचे संरक्षण कमी, ही उलटी मांडणी आहे.

छोट्या व्यावसायिकाने काय पाहावे?

ॲप घेण्याआधी चार प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होते. माझ्या सगळ्या नोंदी एक्सेल किंवा सीएसव्हीसारख्या साध्या फाइलमध्ये मला स्वतः काढता येतात का? त्यात फोटो, बिले आणि जुनी वर्षेही येतात का? वर्गणी संपल्यावर माहिती किती दिवस राहते? आणि संकेतस्थळाचे नाव व ई-मेलचा पत्ता माझ्या नावावर नोंदला आहे की ॲप कंपनीच्या?

शेवटचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचा आहे. केंद्र सरकारच्या १२ लाख खात्यांना जे साधले, तेच चार खोल्यांच्या निवासालाही साधते. नाव स्वतःचे असेल तर मागची सेवा बदलता येते आणि पाहुण्याला पत्ता तोच राहतो. बुकिंग ॲपवर मिळालेले पाहुण्यांचे अभिप्राय मात्र सहसा दुसरीकडे नेता येत नाहीत. त्यामुळे नेहमी येणाऱ्या पाहुण्यांची नोंद स्वतःकडेही ठेवलेली बरी.

या प्रश्नांची उत्तरे तोंडी घेऊन थांबू नये. महिन्यातून एकदा सगळी माहिती खरोखर बाहेर काढून पाहावी. ती उघडते का, वाचता येते का, हे तपासावे. न वापरलेली फेरी ऐनवेळी चालेलच असे नसते.

सरकारने काय करायला हवे?

महाराष्ट्र सरकार हे राज्यातल्या क्लाऊडचे मोठे गिऱ्हाईक आहे. सरकारने नवा कायदा होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक निविदेत तीन अटी घालता येतील : सर्व माहिती खुल्या साच्यात, ठरलेल्या मुदतीत आणि वेगळे शुल्क न घेता परत मिळेल, माहितीची एक प्रत दुसऱ्या सेवादाराकडे राहील, आणि वर्षातून एकदा स्थलांतराची रंगीत तालीम होईल. सहकार खात्याला हेच निकष पतसंस्थांसाठी घालून देता येतील. एकेकट्या पतसंस्थेला कंपनीशी घासाघीस करता येत नाही, सर्वांना सारखी अट असेल तर ती करावीच लागत नाही.

केंद्राने २०२३ च्या कायद्यातून वगळलेला हक्क परत आणावा आणि तो व्यक्तीबरोबरच छोट्या व्यवसायांनाही द्यावा. यात कंपन्यांचे नुकसान होईल, ही भीती अनाठायी आहे. नंबर पोर्टेबिलिटीने मोबाइल कंपन्यांना ग्राहक टिकवण्यासाठी चांगली सेवा देणे भाग पडले, एवढेच.

बागमांडल्याहून वेसवीला जाणारी प्रत्येक गाडी कायमची निघून जात नाही. बहुतेक जण दापोली पाहून संध्याकाळी परत येतात. जाता येते म्हणून येणेही सोपे होते. क्लाऊडवर माहिती ठेवताना छोट्या माणसाला वाटणारी धाकधूक कमी करायची असेल, तर त्याला आधी परतीच्या फेरीची खात्री द्यावी लागेल.